मुंबई ते न्यूयॉर्क : विमानाचं अंतर आणि प्रवासाची वेळ कशी काढायची

तिकिटावर मुंबईहून सुटायची वेळ ०१:३० आणि न्यूयॉर्कला पोहोचायची वेळ ०६:५०, तारीख तीच. वजाबाकी केली की ५ तास २० मिनिटं येतात. एवढ्या वेळात विमानाचा तुर्कस्तानही पार होत नाही. ही चूक निदान लगेच लक्षात येते. नकाशावर पट्टी ठेवून काढलेलं अंतर, ‘ताशी ९००’ने भागून काढलेले तास, भारत-अमेरिकेतला वेळेचा फरक सरसकट साडेदहा तास धरणं, या चुका मात्र विमानतळावर पोहोचेपर्यंत लपून राहतात.

अंतर हा एक हिशोब, हवेतला वेळ हा दुसरा आणि घड्याळातला वेळ हा तिसरा. तिन्ही एका दमात करायला गेलं की गोंधळ होतो. खालचा क्रम मोडू नका. उदाहरण मुंबई ते न्यूयॉर्कचं घेतलं आहे. रीत कुठल्याही दोन विमानतळांना लागू पडते.

तयारी

सायंटिफिक कॅल्क्युलेटर लागेल (बहुतेक फोनमधला कॅल्क्युलेटर आडवा धरला की ती बटणं दिसतात). शिवाय कागद-पेन, आणि घरात मुलांचा पृथ्वीगोल असेल तर तो व हातभर दोरा. दोऱ्याला हसू नका, आकडेमोड फसली की पहिल्यांदा तोच सांगतो.

कॅल्क्युलेटर अंशांवर आहे का ते आधी पाहा. कोसाइन ६० बरोबर ०.५ आलं पाहिजे. उणे ०.९५ आलं तर तो रेडियनवर (कोन मोजायच्या दुसऱ्या एककावर) आहे, आणि पुढचं सगळं वाया जाईल. एक्सेल रेडियनमध्येच मोजतं. तिथे प्रत्येक अंशाचं आधी रेडियन करून घ्यावं लागतं.

१. शहर नव्हे, विमानतळ ठरवा

‘न्यूयॉर्क’ म्हणजे तीन विमानतळ : जेएफके, ला गार्डिया (एलजीए) आणि हडसन नदीपलीकडे न्यू जर्सीतलं न्यूअर्क (ईडब्ल्यूआर). मुलगी न्यू जर्सीतल्या एडिसनला राहत असेल तर तिच्या घराला न्यूअर्क जवळ. जेएफकेला उतरलात तर तिला शहराच्या गर्दीतून गाडी काढावी लागते. हवेतल्या अंतरात या दोघांमुळे फारसा फरक पडत नाही, जमिनीवरच्या वेळेत चांगलाच पडतो.

आपल्याकडेही आता हेच झालं आहे. गोव्यात दाबोळी (जीओआय) आणि मोपा (जीओएक्स) ही दोन वेगळी विमानतळं; एक दक्षिणेकडे, दुसरं उत्तर टोकाला पेडण्यात. मुंबईचं बीओएम आणि नवी मुंबईचं एनएमआयही वेगळं. एका विमानाने एनएमआयला उतरून दुसरं बीओएमहून पकडायचं असेल, तर मधला रस्ता हाही प्रवासाचाच भाग.

*पडताळा :* तिकिटावरची तीन अक्षरं वाचा, गावाचं नाव नको. सॅन होजे कॅलिफोर्नियात आहे (एसजेसी) आणि कोस्टारिकातही (एसजेओ). सिडनी ऑस्ट्रेलियात आहे आणि कॅनडातही. नावावरून शोधणाऱ्या संकेतस्थळांना तुम्हाला कुठलं हवंय ते कळत नाही.

२. अक्षांश-रेखांश नीट उतरवा

मुंबई (बीओएम) : १९°०५′१९″ उत्तर, ७२°५२′०५″ पूर्व
न्यूयॉर्क (जेएफके) : ४०°३८′२३″ उत्तर, ७३°४६′४४″ पश्चिम

यांचं दशांशात रूपांतर करताना मिनिटांना ६० ने आणि सेकंदांना ३६०० ने भागायचं. म्हणजे १९ + ५/६० + १९/३६०० = १९.०८८६. तसंच ७२.८६८१, ४०.६३९७ आणि ७३.७७८९.

*सावधान :* ७२°५२′ चं थेट ‘७२.५२’ लिहिणं ही सगळ्यात जास्त आढळणारी चूक. त्याने मुंबईचं विमानतळ ३५ किलोमीटरहून जास्त पश्चिमेला, भर अरबी समुद्रात जातं.

दुसरी चूक याहून महाग पडते. न्यूयॉर्क पश्चिम रेखांशावर आहे, म्हणून आकडा उणे धरायचा. मुंबई पूर्वेला, न्यूयॉर्क पश्चिमेला, तेव्हा दोन्हींमधला फरक काढताना बेरीज होते : ७२.८६८१ + ७३.७७८९ = १४६.६४७०. उणे चिन्ह विसरून वजाबाकी केली तर फरक एका अंशाहूनही कमी येतो, आणि अंतर सुमारे २,४०० किमी. तेवढ्यावर न्यूयॉर्क नाही, किर्गिझस्तान आहे.

फरक १८० च्या वर गेला (मुंबई-सॅन फ्रान्सिस्कोत जातो) तर ३६० मधून वजा करा.

३. हवाई अंतर काढा

गोलावरची सगळ्यात जवळची वाट म्हणजे बृहद्वृत्त. विमान-कंपन्या आणि संकेतस्थळं ‘अंतर’ म्हणून देतात ते बहुधा हेच. सूत्र असं :

कोसाइन(कोन) = साइन(अ१) × साइन(अ२) + कोसाइन(अ१) × कोसाइन(अ२) × कोसाइन(रेखांशातला फरक)

अ१ म्हणजे मुंबईचा अक्षांश, अ२ न्यूयॉर्कचा. आकडे भरले की :

पहिला गुणाकार : ०.३२७०३ × ०.६५१३० = ०.२१३०
दुसरा गुणाकार : ०.९४५०१ × ०.७५८८२ × (–०.८३५३०) = –०.५९९०
बेरीज : –०.३८६०

आता उलटा कोसाइन दाबा : ११२.७ अंश. एका अंशाला १११.१९५ किमी, म्हणून अंतर साधारण १२,५३० किमी.

बेरीज उणे आली म्हणून घाबरू नका. उणे म्हणजे कोन ९० अंशांहून मोठा, म्हणजे अंतर १०,००० किमीच्या वर. या दोन शहरांसाठी तसंच यायला हवं.

सूत्रात पृथ्वी अगदी गोल धरली आहे. खरी पृथ्वी ध्रुवांकडे किंचित चपटी असल्याने उत्तरात अर्ध्या टक्क्यापर्यंत फरक पडू शकतो. दोन संकेतस्थळांवर १०-२० किमी मागेपुढे दिसले तर कारण बहुधा हेच, त्यावर वेळ घालवू नका.

*पडताळा, दोऱ्याचा :* ३० सेंटीमीटर व्यासाच्या पृथ्वीगोलावर १ सेंटीमीटर म्हणजे साधारण ४२५ किमी. दोऱ्याचं एक टोक मुंबईवर दाबून धरा, दुसरं न्यूयॉर्कवर, आणि दोरा ताणा. तो आपोआप वर सरकतो आणि मध्य आशिया, रशिया, स्कँडिनेव्हियाकडून आर्क्टिकच्या काठाने जातो. सर्वांत वरचा बिंदू ६५ अंश उत्तरेच्या जवळ येतो. लांबी साडेएकोणतीस सेंटीमीटरच्या आसपास भरली तर हिशोब बरोबर.

भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवली तर रेघ अरबस्तान, उत्तर आफ्रिका आणि अटलांटिकवरून सरळ जाते. दिसायला तीच जवळची वाटते. नेहमीच्या शालेय पद्धतीच्या, म्हणजे मर्केटर नकाशावरच्या त्या रेघेने खरोखर गेलं तर सुमारे १४,२०० किमी पडतात. जवळजवळ १,७०० किमी जादा, म्हणजे विमानाचे दोन तास.

*सावधान, मैलांचं :* हेच अंतर साध्या मैलांत ७,७८७ आणि सागरी मैलांत ६,७६७. वैमानिकी संकेतस्थळं सागरी मैल देतात. तो आकडा साधा मैल समजून १.६०९ ने गुणला तर १०,८९० किमीच येतात. सागरी मैलाला गुणक १.८५२.

४. प्रत्यक्ष मार्गाची लांबी धरा

बृहद्वृत्तावरून विमान तंतोतंत कधीच जात नाही. ठरलेले हवाई मार्ग, अटलांटिकवर वाऱ्यानुसार रोज आखले जाणारे पट्टे, वादळं, आणि बंद आकाश. सगळं मोकळं असतानाही २ ते ५ टक्के वाढ धरा.

बंद आकाश हा सध्याचा मोठा मुद्दा. रशियाचं आकाश २०२२ पासून अमेरिकी, युरोपीय, ब्रिटिश आणि कॅनडाच्या कंपन्यांना बंद झालं. भारतीय कंपन्यांना ते बंद नव्हतं. उलट एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने आपलं आकाश भारतीय विमानांना बंद केलं. म्हणजे एकाच दोन शहरांसाठी अमेरिकी कंपनीची वाट वेगळी आणि भारतीय कंपनीची वेगळी. २०२५ मध्ये दिल्लीहून उत्तर अमेरिकेला जाणाऱ्या काही उड्डाणांना तर व्हिएन्ना किंवा कोपनहेगनला इंधनासाठी उतरावं लागलं. अशी बंदी उठते, पुन्हा लागते. तिकीट काढायच्या आठवड्यातली स्थिती पाहा.

वळसा मोजायची सोपी रीत अशी की वाटेतली दोन-तीन ठिकाणं धरून तिसऱ्या पायरीचं गणित तुकड्या-तुकड्याने करायचं. पाकिस्तान आणि रशिया दोन्ही टाळून :

मुंबई–मस्कत : १,५९० किमी
मस्कत–इस्तंबूल : ३,३७० किमी
इस्तंबूल–जेएफके : ८,०३० किमी
एकूण : १२,९९० किमी

थेट बृहद्वृत्तापेक्षा फक्त ४६० किमी जास्त. मुंबई समुद्राकाठी असल्याने वळसा इतक्यावर भागतो. दिल्लीहून निघालेल्या विमानाला आधी खाली समुद्राकडे यावं लागतं, म्हणून त्याला हाच वळसा जास्त जड जातो. पुढच्या हिशोबासाठी १३,००० किमी धरू. इराण-इराकचं आकाशही बंद असेल तर मधली ठिकाणं बदलून हेच तुकडे पुन्हा मोजा.

५. अंतरावरून तास काढा

लांब पल्ल्याची आजची विमानं (बोइंग ७७७, ७८७, एअरबस ए३५०) ध्वनीच्या वेगाच्या ०.८४–०.८५ पट वेगाने उडतात. ३५,००० फुटांवरच्या थंड हवेत ध्वनीचा वेगच ताशी सुमारे १,०७० किमी असतो, म्हणून विमानाचा हवेतला वेग ताशी साधारण ९०० किमी पडतो.

इथे बहुतेक जण १३,००० ला ९०० ने भागून साडेचौदा तास म्हणतात आणि थांबतात. ९०० हा हवेच्या संदर्भातला वेग आहे, आणि हवा स्वतः वाहते आहे. या पट्ट्यात जेट प्रवाह (खूप उंचावरचा वेगवान वारा) पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो, हिवाळ्यात जास्त जोराने. अमेरिकेला जाताना तो तोंडावर, परत येताना पाठीवर. संपूर्ण वाटेची सरासरी म्हणून ताशी ५० किमी धरली तर :

जाताना : १३,००० ÷ ८५० = १५.३ तास
येताना : १३,००० ÷ ९५० = १३.७ तास

यात दोन्ही वेळा अर्धा तास मिळवा. चढता-उतरताना वेग कमी असतो, आणि धावपट्टीपर्यंतचं रांगणंही असतं. तिकिटावरची वेळ ब्लॉक टाइम असते, म्हणजे विमान जागेवरून हलल्यापासून दुसऱ्या टोकाला जागेवर थांबेपर्यंत. म्हणून जाताना साधारण १५ तास ५० मिनिटं, येताना १४ तास १५ मिनिटं.

*सावधान :* १५.३ तास म्हणजे १५ तास ३० मिनिटं नव्हेत. दशांशाला ६० ने गुणा : ०.३ × ६० = १८ मिनिटं.

वाऱ्याचं वजन किती असतं ते दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को मार्गावर दिसलं. ऑक्टोबर २०१६ मध्ये एअर इंडियाने हे उड्डाण अटलांटिकऐवजी पूर्वेकडून, प्रशांत महासागरावरून नेलं. अंतर वाढून सुमारे १५,३०० किमी झालं, आणि तरी पाठच्या वाऱ्यामुळे विमान साडेचौदा तासांच्या आसपास पोहोचलं. जवळची वाट आणि लवकरची वाट एकच असते असं नाही.

*पडताळा :* विमानांचा मागोवा दाखवणाऱ्या संकेतस्थळावर त्याच क्रमांकाच्या उड्डाणाचे मागचे सात-आठ दिवस पाहा. प्रत्यक्ष वेळा चढत्या क्रमाने लावून मधली घ्या. सरासरी नको, एका रखडलेल्या उड्डाणाने ती बिघडते. तुमचा आकडा त्यापासून ४० मिनिटांच्या आत असेल तर ठीक. जास्त फरक असेल तर चौथी पायरी पुन्हा तपासा, बहुधा मार्ग बदललेला असतो.

६. घड्याळ लावा, पण यूटीसीतून

दोन शहरांच्या वेळा एकमेकांतून थेट वजा करू नका. सुटण्याची वेळ आधी यूटीसीत (जगभर एकच असलेल्या प्रमाणवेळेत) न्या, तास मिळवा, मग पोहोचायच्या ठिकाणच्या वेळेत आणा. भारत यूटीसीच्या साडेपाच तास पुढे. न्यूयॉर्क हिवाळ्यात पाच तास मागे, उन्हाळ्यात चार.

१० जानेवारीला मुंबईहून ०१:३० ला निघालं :
यूटीसी : ९ जानेवारी, २०:००
१५ तास ५० मिनिटं मिळवून : १० जानेवारी, ११:५०
न्यूयॉर्कची वेळ : १० जानेवारी, ०६:५०

परतीचं, २० जानेवारीला न्यूयॉर्कहून ११:०० ला :
यूटीसी : २० जानेवारी, १६:००
१४ तास १५ मिनिटं मिळवून : २१ जानेवारी, ०६:१५
मुंबईची वेळ : २१ जानेवारी, ११:४५

यूटीसीत नेताना मधल्या टप्प्यावर तारीख मागे जाते, तिथे हात अडखळतो. म्हणून प्रत्येक ओळीत तारीख लिहाच, नुसते तास लिहू नका.

*पडताळा :* तिकिटावरच्या दोन्ही बाजूंच्या ‘खोट्या’ वजाबाक्यांची बेरीज करा. जाताना ५:२०, येताना २४:४५, मिळून ३०:०५. ब्लॉक टाइमची बेरीजही १५:५० + १४:१५ = ३०:०५. वेळेतला फरक एकदा उणे, एकदा अधिक होऊन गळून जातो. दोन बेरजा जुळल्या नाहीत तर कुठेतरी तास चुकला आहे, किंवा दोन प्रवासांच्या मध्ये अमेरिकेचं घड्याळ बदललं आहे.

ते घड्याळ मार्चच्या दुसऱ्या रविवारी एक तास पुढे जातं आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे येतं. भारतापासूनचा फरक त्यानुसार साडेनऊ किंवा साडेदहा तास. ब्रिटन आणि युरोप मात्र मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी बदलतात. मार्चमधल्या दोन-तीन आठवड्यांत आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमधल्या एका आठवड्यात लंडनमार्गे जाणाऱ्यांनी न्यूयॉर्क–लंडन फरक पाच तासांऐवजी चार धरायचा असतो. दुबई आणि दोहाचं घड्याळ वर्षभर तेच.

*सावधान, मध्यरात्रीनंतरच्या विमानाचं :* मुंबईहून पश्चिमेला जाणारी बरीच विमानं मध्यरात्रीनंतर सुटतात. ‘१० तारीख, ०१:३०’ म्हणजे ९ तारखेची रात्र. जेवून, ९ तारखेला रात्री दहाच्या सुमारास विमानतळावर हजर व्हायचं. १० तारखेचा दिवस घरी घालवून रात्री पोहोचलात तर विमान जाऊन वीस तास झालेले असतात. कॅलेंडरवर १० च्या चौकटीत खूण करू नका. ९ च्या चौकटीत ‘रात्री ९ ला घरातून निघणे’ असं लिहा. गाडीवाल्यालाही ‘नऊची रात्र, दहाची पहाट’ असं दोन्ही सांगा.

७. थांबा असेल तर

एकूण वेळ = पहिलं उड्डाण + थांबा + दुसरं उड्डाण. अंतरावरून अंदाज बांधू नका. मुंबई–दुबई १,९३० आणि दुबई–जेएफके ११,०२० मिळून १२,९५० किमी, म्हणजे थेट हवाई अंतराहून ४२० किमीच जास्त. पण सव्वातीन तास, तीन तासांचा थांबा आणि चौदा तास मिळून सव्वावीस तास होतात. अंतर तीन टक्क्यांनी वाढलं, वेळ साडेचार तासांनी.

दोन्ही उड्डाणं एकाच तिकिटावर असतील तर पहिलं उशिरा आल्यास पुढची सोय कंपनीने लावायची असते. स्वस्त पडतात म्हणून दोन वेगळी तिकिटं काढली, तर दुसरं विमान चुकल्याचा भुर्दंड तुमचा. अशा वेळी थांबा पाच-सहा तासांहून कमी ठेवू नका.

अमेरिकेत पुढे दुसऱ्या शहरी जायचं असेल तर साधारणपणे पहिल्याच अमेरिकी विमानतळावर इमिग्रेशन होतं, बॅगा स्वतः उचलून कस्टममधून काढाव्या लागतात आणि पुन्हा द्याव्या लागतात. तिथे दीड तासाचा थांबा कागदावरच पुरतो. तीन तास धरा. अबुधाबीमार्गे जाणाऱ्यांची ही तपासणी अबुधाबीतच होऊ शकते, तेव्हा जादा वेळ तिथे ठेवा.

८. दारापासून दारापर्यंत

पुण्याहून निघणाऱ्याचा हिशोब असा. पुणे ते मुंबई विमानतळ साधारण १५० किमी. रस्ता मोकळा असेल तर साडेतीन तास, शुक्रवार संध्याकाळ किंवा पावसाळ्यात घाटात अडकलात तर पाच. विमानतळावर सुटण्याआधी तीन तास. हवेत १५ तास ५० मिनिटं. जेएफकेला इमिग्रेशन आणि बॅगा मिळून दीड-दोन तास. पुढे एडिसनपर्यंत दीड तास. बेरीज साधारण २५ ते २७ तास.

हा हिशोब उलटीकडून लिहा. ०१:३० ला विमान, म्हणून २२:३० ला विमानतळ, म्हणून १७:३० ला पुणं सोडायचं, सगळं ९ तारखेला. ऑफिसच्या सुट्टीचा अर्ज करतानाही तारीख ९ चीच टाका.